पडद्यावरची पावलं

हेडफोनच्या डाव्या बाजूचं काळं रेक्झिन सोलून निघालं होतं. आतला स्पंज बाबांच्या कानाला लागून लागून चपटा झालेला, आणि तो स्वतःच्या कानावर दाबताना तिला उगीचच वाटलं, अजून जरा ऊबदार असेल… नव्हता. खिडकीच्या फटीतून दुपारचं ऊन टीव्हीवर येत होतं. तिने पडदा ओढला आणि डोळे मिटले. बाबांचं काम डोळे मिटूनच पाहायचं, ही या घरची रीतच होती.

टीव्हीवर तो प्रख्यात नट धावत होता. ती शाळेत होती तेव्हापासून धावत होता. दर चित्रपटात कुणीतरी कुणालातरी पळवून न्यायचं आणि हा गच्च्यांवरून, पुलांवरून, आगीतून जायचा. चेहरा त्याचा, पावलं मात्र बाबांची. स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत, त्याच्यासारखे बूट घालून, कधी खडीवर, कधी फळीवर, कधी ओल्या फरशीवर बाबा पडद्यावर त्याच्याकडे बघत बघत चालायचे, आणि तो आवाज चित्रपटात लागायचा. “साहेबांना नुसतं उभं राहता येतं,” ते म्हणायचे, “चालायचं खातं आपल्याकडे.” थिएटरात दोघं डोळे मिटून बसायची. ती कुजबुजायची — खडी… आता लाकूड… आणि चुकलं तर बाबा कान ओढायचे, बरोबर आलं तरी ओढायचे.

हा शेवटचा. बाबा गेल्यावर प्रदर्शित झालेला, आणि तिने आजवर टाळलेला. त्याचं काम चाललं होतं तेव्हा ती दुसऱ्या शहरात, नोकरीत; फोनवर आई म्हणायची, “बरे आहेत गं, कामावर जातात.” मग एकदा ती आली तर बाबा चाकांच्या खुर्चीत. पाय नेमके कधी गेले, हे दोघांपैकी कुणीच धड सांगितलं नाही. मी नव्हते तेव्हा ते किती दिवस नुसते बसून होते? — तिला एवढंच कळायला हवं होतं. शोकावर तिने पुष्कळ वाचलं होतं. त्यात हे कुठे असणार?

आणि आता कानात सिमेंटचा जिना. नटाच्या मुलीला वरच्या मजल्यावर कोंडलेलं, आणि तो वर धावतोय… टाच आधी, मग चवडा, वळणावर किंचित घासणं — बाबाच. तिने मागे नेलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा… म्हणजे चालत होते. धावत होते. आई खोटं बोलली नव्हती.

“आई, ऐक तरी! कसले धावलेत बाबा!”

आई वाळलेले कपडे घेऊन आत आली. “माणूस गेला तरी या मेल्याचं धावणं संपेना,” ती म्हणाली. चादरीची दोन टोकं जुळवता जुळवता थांबली. “धावतायत कुठले. हातांनी केलंय ते.”

“हातांनी?”

“बूट हातांत घालून. टेबलावर फरशी ठेवायची, खुर्ची टेबलाला लावायची, आणि हे थडाथड… स्टुडिओत सोबत जाऊन नाड्या मीच बांधायचे. मनगटं सुजून यायची. म्हटलं, करू दे की नव्या माणसाला. तर म्हणे, चाल बदलली की लगेच कळेल. डोंबल कळेल! कोण बसलंय कान लावून?”

आई चादर घेऊन निघून गेली.

इस्पितळात बाबांच्या मनगटांवरचे निळे डाग पाहून ती नर्सशी भांडली होती — सुया नीट टोचता येत नाहीत का? आणि बाबा तिच्याकडे बघत नुसते हसत होते… कान लावून बसणारं माणूस त्यांच्या ओळखीत एकच होतं.

तिने चित्रपट पुन्हा सुरू केला. डोळे मिटवेनात. पायऱ्या वाजत राहिल्या, आणि तिला आता पाय दिसेचनात. दिसत होत्या त्या नाड्यांनी आवळलेल्या दोन मुठी, पुढे-मागे, पुढे-मागे… मग वळणावर नट थांबला. कठडा धरून धापा टाकू लागला. पावलं नाहीत. म्हणजे आता ते हात फरशीवर नुसते टेकलेले असतील, निवांत… थांब, तिने मनात म्हटलं, असाच थांब, नको चढूस. वरून ती मुलगी बाबा, बाबा म्हणून किंचाळत होती. गप्प बस गं, तिला ओरडावंसं वाटलं, मर तिथेच, पण त्यांना हाक मारू नकोस.

नटाने मान वर केली.