फक्त कुटुंबांसाठी

गझवानने आजवर भाचरांना कोपऱ्यावरच्या दुकानातून साधी गोळी घेऊन दिली असेल तर शपथ. आणि तोच गझवान शुक्रवारी दुपारी दाढी गुळगुळीत करून, नवा सदरा घालून बहिणीच्या दारात उभा!

"ताई, पोरांना तयार कर. खेळायला नेतो. तूही चल."

"आज सूर्य कुठून उगवला रे?" खौला म्हणाली, पण मनातून हरखली. नवरा तेलविहिरीवर पाळीला गेलेला, बसऱ्याच्या उन्हात पोरं दिवसभर घरात कोंडलेली, एकमेकांच्या झिंज्या उपटत होती. थोरली तैबा आठ वर्षांची, धाकटा मुर्तजा पाचाचा. मामाचं बोलणं ऐकून दोघांनी घर डोक्यावर घेतलं.

गझवानने पोरांची पिशवीसुद्धा स्वतःच भरून आणली होती. पाण्याच्या बाटल्या, रबरी ठिपक्यांचे नवे मोजे, आईने भाजलेल्या क्लेचांचा, म्हणजे खजूर भरलेल्या बिस्किटांचा डबा. खौलाला भरूनच आलं. थोरला भाऊ फलाह गेल्यापासून हा धाकटा माणसांतून उठल्यासारखा झाला होता. आता कुठे पोरगा माणसात येतोय, असं वाटून तिने देवाचे आभार मानले. बिचारी!

क्रीडाकेंद्राच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, फक्त कुटुंबांसाठी. बिनलग्नाचे टगे आत शिरून बायकांकडे टकमक बघतात, म्हणून एकट्या पुरुषाला तिथे दारातच अडवतात. रखवालदाराने गझवानला नखशिखान्त चाचपलं, बूट काढायला लावले, आणि मग पोरांकडे बघून सोडलं. बायकांच्या बाजूला पडद्याआड उम्म हसन नावाची एक जाडजूड बाई बसली होती. तिने पिशवीत वरवर दोन बोटं फिरवली, डबा उघडला.

"खजुराच्या का?"

"घ्या ना, उम्म हसन," खौला म्हणाली.

तिने दोन उचलल्या. झाली तपासणी.

आत थंडगार हवा, दिव्यांचा लखलखाट आणि पोरांचा असा कल्ला, की कानात बोटं घालावी. तैबा पळाली डॅशिंग कारकडे. मुर्तजाला उड्या मारायच्या जाळीवर जायचं होतं. तिथली मुलगी म्हणाली, "मोजे नाहीत तर उडी नाही." खौलाने पिशवीत हात घातला. मोजे वर नव्हते. तिने डब्याखाली चाचपलं, मोजे लागले, आणि मोज्यांच्या आत काहीतरी थंड, जड लागलं.

तिने हात तसाच बाहेर काढला. लग्नाच्या मांडवात हवेत बार काढणाऱ्या भावांची ती बहीण, पिस्तूल तिला बघावं लागत नव्हतं.

"आई, मोजे!"

"थांब, राजा. बस इथेच."

तिने मान वळवून गझवानला शोधलं. तो डॅशिंग कारच्या कठड्याला टेकून उभा होता. तैबाकडे त्याचं लक्षच नव्हतं. निळ्या गाडीत एक भरदार मिशांचा माणूस मांडीवर लहान मुलगी घेऊन बसला होता आणि प्रत्येक धक्क्याला पोरीपेक्षा जास्त ओरडत होता. तो शाकिर होता. पुलाजवळ गाडीला गाडी घासली एवढ्यावरून ज्याने फलाहच्या छातीत गोळी घातली, तोच.

आता खौलाला सगळं समजलं. शाकिर घराबाहेर पडायचा तो भावांच्या गराड्यात. शुक्रवारी इथे मात्र बायकोला, पोरीला घेऊन निर्धास्त यायचा, कारण इथे एकटा पुरुष येऊच शकत नाही, आणि बायकापोरांसोबत असलेल्या माणसावर त्या मुलखात कोणी हात टाकत नाही. गझवानला आत यायला एक बाई आणि दोन पोरं हवी होती. पिस्तूल आणायला एक पिशवी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गझवान आला. "पिशवी दे."

"नाही देणार."

"ताई, पोरांसमोर तमाशा करू नकोस."

"पोरांसमोर? माझ्या लेकराच्या मोज्यांत हे दडवलंस, आणि मला शिकवतोस पोरांसमोर?"

"तिकडे बघ. आपला फलाह मातीत, आणि तो बघ कसा खिदळतोय."

खौलाने बघितलं. खोटं कशाला बोला, क्षणभर तिच्याही मनात आलं, मर मेल्या. मग त्या मांडीवरच्या पोरीने टाळ्या पिटल्या.

"त्याच्या मांडीवर पोर आहे, गझवान."

"ती उतरेपर्यंत थांबेन. मी काय राक्षस आहे?"

"सूड सोडला म्हणून समेटाची कॉफी प्यायलास तू. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर, ह्याच हाताने."

"काकांनी पाजली! चहाच्या दुकानात चुलतभाऊ मला बाईचा बुरखा देऊ करतात, ते काका बघायला येत नाहीत."

"आणि उद्या शाकिरचे भाऊ तुला मारतील, तेव्हा तुझे चुलतभाऊ चहाच ढोसत असतील. मला एकच भाऊ उरलाय, गाढवा! तो तरी जिवंत राहू दे मला!"

त्याने पिशवीला हिसडा दिला. तिने ती पोटाशी धरली. त्याने तिचं मनगट पिरगाळलं, तिने दात रोवले. मग त्याने तिच्या तोंडावर अशी सणसणीत ठेवून दिली की ओठ फाटला आणि ती बाकावर आपटली. मुर्तजाने भोकाड पसरलं. आजूबाजूच्या बायकांनी आपापली पोरं ओढून घेतली आणि माना फिरवल्या. रखवालदार लांबूनच म्हणाला, "अहो, घरचं भांडण घरी न्या." भाऊ बहिणीला मारतोय, मध्ये पडणारे आपण कोण! खौला खाली पडूनही पिशवी सोडत नव्हती, तेव्हा गझवानने तिच्या बरगडीत लाथ घातली.

दुसरी लाथ बसायच्या आत कोणीतरी त्याला मागून बखोटीला धरून फेकलं.

"नामर्दा! बाईवर हात टाकतोस?"

तो शाकिर होता. पोरीला बायकोकडे देऊन, कठडा ओलांडून धावत आलेला. गझवान वळला, आणि दाढी नसली तरी शाकिरला तो चेहरा ओळखू आला.

"तू? फलाहचा भाऊ?"

गझवानने उत्तर न देता त्याच्या नाकावर डोकं हाणलं. रक्ताची चिळकांडी उडाली. शाकिर ताकदीचा गडी, त्याने तशातही गझवानला उचलून जाळीच्या खांबावर आदळलं, खाली पाडून गुद्द्यांनी ठेचायला लागला. गझवानने बोटं त्याच्या डोळ्यांत खुपसली, सुटला, सरपटत पिशवीपाशी आला आणि फाडली. क्लेचा चहूकडे उधळल्या. तो उठला तेव्हा पिस्तूल हातात होतं. शाकिरने रांग लावायचा लोखंडी खांब उपटून डोक्यावर उगारला होता. एका पावलाचं अंतर. खांब आधी पडला असता. गझवानचं डोकं नारळासारखं फुटलं असतं, हे खौलाला स्वच्छ दिसत होतं.

तिने डोक्यावरची काळी ओढणी ओढून काढली आणि दोघांच्या मध्ये फेकली.

"देवाची आण आहे तुम्हाला! थांबा!"

बाईने डोकं उघडं करून ओढणी मध्ये टाकली, की पुरुषाने जागच्या जागी थांबायचं. समोर बापाचा मारेकरी असला तरी. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शाकिर थांबला. खांब त्याच्या हातातून खणकन खाली पडला. त्याने नजर जमिनीकडे वळवली, परक्या बाईचं उघडं डोकं दिसू नये म्हणून. नाकातलं रक्त मिशांवरून गळत होतं.

"थांबलो, बहिणी," तो म्हणाला. "उचल ती. डोकं झाक."

गझवानने त्याला गोळी घातली. मग अजून एक.

शाकिर गुडघ्यांवर बसला आणि तसाच ओढणीवर तोंडघशी पडला. एका दमात सगळं केंद्र किंचाळलं. बायका पोरांना घेऊन मिळेल त्या दिशेने पळत सुटल्या, शाकिरची बायको छाती बडवत आली. खौला हलली नाही. तो थांबला होता. तिच्या शब्दावर थांबला होता. तिने ओढणी टाकली नसती तर तो जिवंत असता.

"ऊठ!" गझवान ओरडत होता. "ऊठ, चल! पोरांना घे!"

गोळ्यांचा आवाज ऐकून दारातून रस्त्यावरचे चार-पाच पुरुष आत घुसत होते, कोणाच्या हातात दांडकं, कोणाच्या हातात खुर्ची. गझवानने त्यांच्यावर पिस्तूल रोखलं, चाप ओढला, ते अडकलं. मग त्याने रडणाऱ्या मुर्तजाला दंडाला धरून उचललं आणि छातीसमोर ढालीसारखं धरलं.

"मागे व्हा! पोर आहे माझ्या हातात! मागे व्हा!"

खौलाच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाही ओळखू आला नाही. तिने झेप घेऊन भावाच्या हाताचा लचका तोडला. हाडाला दात लागेपर्यंत चावली. पकड ढिली झाली, मुर्तजा खाली पडला, आणि तैबाने कुठून तरी येऊन त्याला फरफटत बाकाखाली नेलं. गझवान पळायला वळला. खौलाने त्याचे दोन्ही पाय मिठीत घेतले.

तो कोसळला आणि माणसं त्याच्यावर तुटून पडली. पहिलं दांडकं खांद्यावर बसलं. दुसरं कानावर. बूट, खुर्च्या, मुठी, जे हाती लागेल ते. एक-दोन फटके खौलाच्या पाठीवरही बसले.

"ताई!" तो ओरडला. लहानपणी शेजारच्या पोरांनी घेरलं की ओरडायचा तसाच. "ताई, सोड! मारतील गं मला! ताई!"

तिने डोळे गच्च मिटले, गाल त्याच्या पोटरीवर दाबला आणि मिठी आणखी आवळली. तो हाका मारायचा थांबला, तरी तिने पाय सोडले नाहीत.