तिपानीची चोरी

वाटणीत घर निम्मं निम्मं झालं, पण मागचं रान सगळं थोरल्या जावेकडे गेलं. माझ्या परसात एक जुनं झाड तेवढं राहिलं. मधे कुंपण घालून घेताना जाऊ म्हणाली होती, "तिपानीची पाकळीसुद्धा तुला मिळणार नाही."

तिपानी हे सासूबाईंनी दिलेलं नाव. तीन पानं, त्यावर तीन पाकळ्यांचं पांढरं फूल. थंडी सरते, पण झाडं अजून बोडकी असतात, तेव्हा ऊन थेट जमिनीवर पडतं. तेवढ्यात ही फुलून घेते. वर पालवी दाटली की हिचा कारभार आटोपला.

काही वर्षांनी माझ्या झाडाखाली एक इवलंसं पान दिसू लागलं. दर वर्षी यायचं आणि जायचं. मी दुर्लक्ष केलं. मग एका वसंतात तिथे फूल उभं राहिलं. त्याच दिवशी जाऊ कुंपणाशी हजर.

"चोरटी! माझ्या रानातून खणून नेलंस ना?"

"जाऊबाई, तुमच्या रानात खड्डा दिसतोय का कुठे?"

"तोंड वर करून बोलतेस? भावजी, ऐकताय ना बायकोचं?"

आमचे हे कडेला उभे. म्हणाले, "देऊन टाक गं, कटकट मिटेल."

"परत दिलं म्हणजे चोरी कबूल केली. माझ्या माथी हा डाग नको. हिची फळं पिकू द्या, मग सगळ्यांनी या."

उन्हाळ्यात फळं उकलली, तेव्हा मी सगळ्यांना कुंपणाशी बोलावलं. तिपानीच्या प्रत्येक बीला एक पांढुरका, तेलकट गोळा चिकटलेला असतो. त्याच्या लोभानं मुंग्या जावेच्या रानातून बिया ओढत कुंपणाखालून माझ्या झाडाच्या बुंध्यातल्या वारुळात नेत होत्या. गोळा खायचा, बी टाकून द्यायची.

"हे घ्या तुमचे चोर," मी म्हटलं. "बांधा मुसक्या."

थोरले दीरसुद्धा हसले. ते हसणं जावेला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिनं रानभर मुंग्यांची पावडर टाकली.

तिकडच्या मुंग्या संपल्या. बिया पडल्या जागी राहिल्या आणि उंदरांनी फस्त केल्या. जुन्या तिपानी पुष्कळ वर्षं टिकल्या, मग एकेक करून गेल्या; नवी एकही आली नाही. माझं परस मात्र पांढरं झालं.

या वसंतात जाऊ काठी टेकत कुंपणाशी आली.

"एक उपटून दे."

"उपटली तर मरेल."

"मग बी दे."

"बियांचा कारभार मुंग्यांकडे. त्यांना विचारा."

"मेली, दात पडले तरी चावायची सवय जात नाही तुझी."

"तुम्हीच शिकवलीत, जाऊबाई."

आणि परवा पाहिलं, तर मुंग्यांची एक रांग माझ्या बिया घेऊन कुंपणाखालून पलीकडे चालली होती. घरात पावडरचा डबा होता. मी तो आणला, झाकण उघडलं आणि पुन्हा घट्ट लावलं. नेऊ देत. तिपानीला फुलायला वर्षं लागतात, तोवर मला जगलं पाहिजे. आणि जावेलाही. तिकडे पहिलं फूल दिसलं की कुंपणाशी जाऊन साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडणार आहे, "चोरटी!"