पाणीवाल्याचे निवडुंग

आगाशे साहेबांनी खिशातून रुमाल काढून बोटाला गुंडाळला आणि समोरच्या कुंडीकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्या हुद्द्याचा अपमान केला होता. बोटात काटा मोडला होता. मांडवीच्या त्या आळीतली निम्मी माणसं लवू पिलणकरच्या अंगणात जमली होती, पण कोणी हसलं नाही. प्रकरण गंभीर होतं.

“हात नका लावू, साहेब,” लवू म्हणाला. हे त्याने जरा उशिराच सांगितलं होतं.

लवू नगरपालिकेच्या पाणीखात्यात होता. सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून तो गावभर हिंडायचा, रस्त्यातल्या खड्ड्यांची झाकणं उचलायचा आणि चावी फिरवून आळीआळीला पाणी सोडायचा. पाणी वेळेवर आलं की ते देवाच्या कृपेने यायचं. उशिरा आलं की लवूने अडवलेलं असायचं. वीस-बावीस वर्षं तो बायकांच्या शिव्या खात आला होता आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट एखाद्या आळीत सगळं शांत असलं, तर इथे आपण चावी फिरवायला विसरलो की काय, या शंकेने तो परत जाऊन बघायचा.

त्या वर्षीच्या, म्हणजे शहाऐंशी सालच्या मे महिन्यात पाणी फारच आटलं. नळ आधी दिवसाआड झाला, मग त्याचाही भरवसा उरला नाही. गंगुबाई मयेकरणीच्या दारातल्या अबोलीची काटकी झाली. तुळशीसुद्धा माना टाकून उभ्या होत्या. आणि नेमक्या त्याच आठवड्यात लवूच्या अंगणातले निवडुंग फुलले. कोणाच्या डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं, कोणाच्या बरगडीतून पिवळं जर्द फूल. गंगुबाई अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून बराच वेळ बघत राहिली आणि तिचा निर्णय झाला.

“आमच्या अबोलीचा सरपण झाला नि ह्याच्या काट्यांना फुला आली,” ती आळीला म्हणाली. “मग पाणी जाता कुठं, ता मला सांगा.”

तिने तक्रार केली, आळीने सह्या-अंगठे केले, आणि म्हणून पाणीखात्याचे इंजिनियर आगाशे साहेब स्वतः चौकशीला आले होते. माणूस सरळ होता. लवूने नळाचं पाणी चोरलं यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण भर मे महिन्यात समोर साठ-सत्तर कुंड्या फुललेल्या दिसत होत्या, आणि त्याही पाणी सोडणाऱ्याच्याच अंगणात. त्यांनी लवूला विचारलं, यांना पाणी किती घालतोस?

“घालतच नाय,” लवू म्हणाला.

आळी हसली. लवूला आणखी बरंच सांगायचं होतं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. शिव्या ऐकायची सवय असली, तरी उत्तरं द्यायची नव्हती.

खरं म्हणजे या सगळ्याला त्याचा मावसभाऊ काशीराम कारण होता. काशीराम बोटीवर खलाशी. पाचेक वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला, तेव्हा नातेवाइकांत कोणाला टेपरेकॉर्डर मिळाला, कोणाला सेंटची बाटली. लवूच्या वाट्याला बिस्किटांच्या डब्यात बसवलेला एक काटेरी चेंडू आला. मेक्सिकोच्या कुठल्याशा बंदरातून आणलाय, काशीराम म्हणाला, आणि जेवून निघून गेला. लवूची बायको मैना त्या चेंडूकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. ज्याला सगळं गाव काहीबाही ऐकवतं, त्याला भेटसुद्धा टोचणारीच मिळावी, असं तिला वाटून गेलं.

लवूने मात्र तो चेंडू मनावर घेतला. द्यायला त्याच्याजवळ पाणीच होतं, ते त्याने दिलं. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. महिन्याभरात चेंडू फुगला, चकचकीत झाला, आणि एके सकाळी लवूने कौतुकाने बोट लावलं तेव्हा अतिपिकल्या फणसासारखा आत बसला. लवू त्या दिवशी कामावर जेवला नाही. पण त्या चेंडूला एक बोराएवढं पिल्लू फुटलं होतं, ते आधीच गळून गडग्याच्या चिऱ्यांत पडलं होतं. तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, म्हणून ते जगलं. दिवाळीत पाहतो तर त्याने दगडाच्या फटीत मूळ धरलेलं.

तिथून लवूला वेड लागलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या बागेत असली झाडं आहेत असं कळलं, तेव्हा त्यांच्या आळीला पाणी सोडून झालं की तो फाटकात उभा राहू लागला. मास्तरांनी त्याला शिकवलं: यांना माती कमी, खडे जास्त, मुळाशी पाणी साचता कामा नये, उन्हाळ्यात हे झोपतात, फुलतात तेही झोपेतच, आणि झोपेत कोणाला पाणी पाजू नये. लवू जांभ्याचे तुकडे फोडून चाळायचा. किनाऱ्यावरची वाळू खारी, म्हणून तिची पोती पावसाळाभर पागोळ्यांखाली ठेवून धुऊन घ्यायचा. रत्नागिरीचा पाऊस त्याच्या मते तेवढ्याच कामाचा होता. त्या चार महिन्यांत सगळ्या कुंड्या पडवीत यायच्या, आणि पडवीतली माणसं स्वयंपाकघरात.

मैनाला ते मुळीच मान्य नव्हतं. काटे दारात असले की घरात भांडणं होतात, असं तिचं म्हणणं. आणि भांडणं होतही असत. फक्त ती निवडुंगांवरूनच होत. पडवीपर्यंत ठीक, पण माजघराच्या उंबऱ्याच्या आत एक काटा आणायचा नाही, असा तिने दम भरला होता. लवूने तो पाळला होता.

तर अशा त्या अंगणात आगाशे साहेब बोट धरून उभे होते. शेवटी त्यांनीच तोड काढली. सगळ्या कुंड्या नगरपालिकेच्या कचेरीच्या गच्चीवर न्यायच्या, दाराला कुलूप घालायचं. महिनाभर लवूने गच्चीवर पाऊल टाकायचं नाही. पाण्याशिवाय झाडं जगली, तर लवू निर्दोष. मेली, तर मात्र इलाज नाही, त्याला कामावरून कमी करावं लागेल. आळीला हे पटलं. लवूलाही पटलं, इतकं पटलं, की तो हसला. दुपारची सावली पडेल असा कोपरा तेवढा त्याने मागून घेतला.

हातगाडीने तीन खेपा झाल्या. गच्चीच्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली साहेबांच्या टेबलाच्या खणात गेली. खणाला कुलूप नव्हतं.

पहिले काही दिवस लवू खुशीत होता. मग एकदा त्याने कचेरीतला शिपाई गंगाराम, म्हणजे त्याचा जुना दोस्त, याला सहज विचारलं, की वर सगळं ठीक ना.

“झक्कास,” गंगाराम म्हणाला. “चांगली टुमटुमीत फुगलीत.”

लवूला ते बरोबर वाटेना. मे महिन्यात, पाण्याशिवाय निवडुंग आक्रसायला हवा. त्याला सुरकुत्या पडायला हव्यात, आजोबांच्या गालासारख्या. फुगला म्हणजे काय? पण बोलायची सोय नव्हती. कोणीतरी पाणी घालतंय म्हणावं, तर आळी म्हणणार, आताच सबबी सुरू झाल्या. वर जाऊन बघावं, तर बंदी. तो चावी घेऊन गावभर फिरत राहिला आणि कचेरीवरून जाताना सायकल हळू करून गच्चीच्या कठड्याकडे बघत राहिला. त्या दिवसांत एका आळीला त्याने दोनदा पाणी सोडलं आणि एकीला अजिबातच नाही. दोन्हीकडून शिव्या आल्या, त्या त्याने ऐकल्याच नाहीत.

मैना रोज दुपारी कचेरीत त्याचा डबा घेऊन यायला लागली होती. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. लवू समजला, आपण नीट जेवत नाही म्हणून हिला काळजी पडलीय.

महिना भरला. पाऊस अजून लागला नव्हता. आगाशे साहेब, गंगाराम, टायपिस्ट खेडेकरबाई, आळीतर्फे गंगुबाई आणि मागे लवू-मैना, अशी सगळी गच्चीवर गेली. दार उघडलं आणि आधी वास आला.

कुंड्या ओळीने होत्या. प्रत्येकीखाली कोणीतरी मायेने ताटली ठेवली होती. वरची झाडं तपकिरी पडली होती, काही कलली होती, काही नुसतीच बसली होती, उन्हात विसरलेल्या लोण्यासारखी. गंगुबाई आळीतर्फे आली होती खरी, पण तिच्याही चेहऱ्यावर जिंकल्याचं काही दिसेना. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना आता जे बोलायचं होतं ते बोलवत नव्हतं, हे दिसत होतं.

लवू पुढे झाला. त्याने पहिल्या कुंडीतल्या झाडाला हात घातला. ते मुळापासून सुटून अलगद हातात आलं आणि बुडातून पाणी टपटपलं. त्याने ते सगळ्यांना दिसेल असं धरलं. जीभ टाळ्याला चिकटायची वेळ होती, पण या वेळी ती चिकटली नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “ही तहानेनं नाय मेली. बुडून मेली.”

ताटल्यांतल्या पाण्यावर चिलटं उडत होती. मग गंगाराम खाकरला. तो म्हणाला, रोज सकाळी एक बादली, पण ती लवूसाठी. एवढ्या वर्षांच्या दोस्ताची नोकरी झाडांपायी जाऊ नये म्हणून. खेडेकरबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, की जेवणाच्या सुट्टीत त्याही थोडं घालत. आणि ताटल्या त्यांच्याच, पाणी वाया जाऊ नये म्हणून घरून आणलेल्या. गंगुबाई दोनदा तपासणीला आली होती. झाडांकडे बघून तिच्या जिवाला लागलं होतं, आणि येताना तिने कळशी आणली होती. “माझ्या घरातला पाणी,” असं तिने बजावून सांगितलं. “नळाचा थेंब घेतला नाय.” त्या टंचाईत तिने घरातलं पाणी ज्यांच्यावर ओतलं, ती तिच्याच तक्रारीतली झाडं होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नाही.

सगळ्यांत शेवटी आगाशे साहेब बोलले. संध्याकाळी घरी जाताना पेल्यात उरलेलं पाणी वाया कशाला घालवा, म्हणून ते वर यायचे. “फार नव्हे,” ते म्हणाले, “पेलाभर.” मग त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि कचेरीच्या आवाजात जाहीर केलं, की ज्या अर्थी महिनाभर पाणी मिळून झाडं मेली, त्या अर्थी लवूच्या घरी त्यांना पाणी मिळत नव्हतं, तक्रार निराधार आहे. गंगाराम टाळी वाजवणार होता, पण लवूच्या हातातल्या झाडाकडे पाहून त्याने हात मागे घेतले.

हातगाडी परत निघाली. गंगुबाई मांडवीपर्यंत मागून हात लावून ढकलत आली आणि आपलं दार आलं तशी आत गेली. अंगणात कुंड्या उतरल्यावर मैना पडवीच्या पायरीवर बसली.

“मीपण,” ती म्हणाली.

लवूने वर बघितलं.

“डब्याबरोबर तांब्या न्यायचे. गंगाराम कुलूप काढून द्यायचा.” ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. “तुमचा नाव जाऊ नये, एवढाच होता माझ्या मनात.”

ज्या झाडांवरून पाच वर्षं भांडली, त्यांच्यासाठी ही बाई रोज भर दुपारची उन्हातून चालत आली होती. लवूने सुरी मागितली.

ती सुरी घेऊन आली आणि त्याच्या शेजारीच बसली. तो एकेक झाड आडवं कापत गेला. बुडाशी तपकिरी लगदा निघायचा, मग तो आणखी वर कापायचा, आणखी वर. बहुतेकांचं शेंड्यापर्यंत तेच होतं. ती झाडं तो बाजूला ठेवत गेला. पण काहींचा वरचा भाग आत कोवळ्या काकडीसारखा हिरवा होता. असे ओंजळभर शेंडे उरले. ते सावलीत, वाऱ्याला सुकवायचे, जखम कोरडी झाली की वाळूवर नुसते टेकवून ठेवायचे, आपसूक मुळं सुटतील, असं त्याने तिला सांगितलं. पडवीत दुपारी ऊन येतं, तेव्हा कुठे ठेवावेत याचा तो विचार करत होता.

मैना उठली. माजघराच्या खिडकीत तिने सुपात आमसुलं सुकत घातली होती, ती तिने परडीत ओतली, सूप पदराने पुसलं आणि ते त्याच्यापुढे धरलं. लवूने शेंडे एकेक करून त्यात मांडले. तिने सूप उचललं, उंबरा ओलांडून आत नेलं आणि खिडकीत ठेवलं.

“ह्यांना मुळा नायत,” ती तिथूनच म्हणाली. “मग ही जगायची कशावर?”

“अंगात असता त्यांच्या,” लवू म्हणाला. “पुरवून पुरवून वापरतात.”

संध्याकाळी आळीला पाणी आलं. मैना भरलेला हंडा कडेवर घेऊन माजघरातून निघाली. खिडकीपाशी आल्यावर तिने पावलं हळू केली, हंड्याच्या तोंडावर तळहात पालथा धरला, आणि एक थेंब हिंदकळू न देता ती सुपाजवळून पुढे गेली.