पातळ काच

काचवाल्याने तावदानावर बोटाने टकटक केलं आणि मान कलती करून ऐकलं. पलंगावरून म्हातारी म्हणाली, "पातळ आहे. रिकाम्या डब्यासारखी वाजतेय."

"मावशी, कान भलतेच तिखट आहेत तुमचे!"

"असणारच. सगळी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर गेली. इकडची वायर तिकडे खोचायची आणि 'बोला' म्हणायचं. माणसाचं तोंड कधी दिसलं नाही, पण आवाजावरून पोटातलं ओळखायचे मी." मग तिने जरा धास्तीने विचारलं, "आता काच काढणार का?"

"छे हो. पुट्टी वाळून दगड झालीय. उचकटायला गेलो तर काच फुटेल आणि नवी येईपर्यंत तुम्ही वाऱ्यावर. माप जागच्या जागीच घ्यायचं."

"कडा तर चौकटीत गडप झाल्यात. जाडी दिसणार कशी?"

काचवाल्याला असा प्रश्न कुणी विचारला की आवडायचं. कानावरची पेन्सिल काढून तिचं टोक त्याने काचेला टेकवलं. "जरा तिरकं बघा. टोकाला टोक भिडवून एक पेन्सिल दिसते ना, ते काचेच्या अलीकडच्या अंगावरचं प्रतिबिंब. त्याच्यामागे दुसरं, पुसट."

म्हातारी कोपरावर उठली. पडल्यापासून पायांनी दगा दिला होता, पण कंबरेच्या वर ती अजून कुणाचं ऐकणारी नव्हती. "दिसलं! भुतासारखं."

"ते भूत पलीकडच्या अंगावरचं. दोघांतलं अंतर वाढलं की समजायचं, काच जाड. पण दिसतं तेवढंच धरायचं नाही, काच डोळ्याला फसवते. म्हणून हा पुठ्ठा. याच्यावरच्या रेघा हिशेब करूनच मारल्यात." पुठ्ठा काचेला लावून, एक डोळा मिटून त्याने रेघेला रेघ जुळवली. "तीन मिलिमीटर."

"एवढीशीच?" म्हातारीने काचेवर तळवा ठेवला. "तरीच."

मग पातळ सुईने चौकटीची खाच चाचपून तो म्हणाला, "खाच खोल आहे. सहाची काच आणि कडेला रबर, आरामात बसेल. अगदी चिडीचूप नाही होणार, पण रस्ता पार लांब गेल्यासारखा वाटेल."

म्हातारीने दाराकडे पाहिलं. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. आवाज खाली आणून ती म्हणाली, "एक करा ना. बसत नाही म्हणून सांगा त्याला."

"का हो?"

"अहो, मला पाय नाहीत, पण या काचेपायी मी रोज गाव हिंडून येते. समोर सायकलदुरुस्तीवाले नवराबायको आहेत. त्यांची महिनाभर धुसफूस चाललीय. ती हवेचा पंप आपटते, तो पाना आपटतो. वरच्या मजल्यावरची पोरगी गाणं शिकतेय, एकाच जागी रोज अडखळते. परवा निभावलं तिने, मी इथून टाळ्या वाजवल्या. माझा लेक म्हणतो, 'आई, गोंगाटाने तुझा डोळा लागत नाही, जाड काच बसवू.' एवढ्या मायेने म्हणाला, माझ्याने नाही म्हणवेना. तुम्ही सांगितलंत तर साप मरेल आणि काठीही तुटणार नाही."

काचवाला स्टुलावर बसला. पुठ्ठा उगाच खिशात घातला, परत काढला.

"मावशी, तुमच्या मुलाने मला एक गोष्ट तुम्हाला सांगू नका म्हणून बजावलंय. पण तुम्ही मला खोटं बोलायला लावताय, तेव्हा सांगतोच. रात्रभर बस चालवतो तो. दिवसा या गोंगाटात झोप नाही. गेल्या आठवड्यात स्टिअरिंगवर डुलकी लागली. बस फुटपाथवर चढली. कुणाला लागलं नाही, नशीब. त्यानंतरच दुकानात येऊन जाड काच विचारली त्याने."

पडद्यापलीकडे मुलाची खाट होती. दुपारी तो डोक्यावर उशी दाबून पडायचा, तिला वाटायचं, उजेड सहन होत नसेल. आणि संध्याकाळी तो जेवायला बसला की ती त्याला सायकलवाल्यांचं भांडण साभिनय सांगायची. तो ऐकायचा. लालभडक डोळ्यांनी, अगदी शेवटपर्यंत ऐकायचा. आवाजावरून पोटातलं ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकाचं 'हं' ओळखता आलं नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. मुलगा औषधांची पिशवी घेऊन आत आला. "काय, बसेल का जाड काच?"

काचवाल्याने म्हातारीकडे पाहिलं.

"बसेल म्हणताहेत," तीच म्हणाली. "सहाची. लवकर बसवून टाक बाबा. त्या मेल्या रस्त्याने माझं डोकं उठवलंय."

"तुझ्यासाठीच करतोय गं आई."

"मग काय तर! मला का कळत नाही?"

मुलाचे खांदे सैल पडले. पिशवी ठेवायची विसरून तो तसाच उभा राहिला.

दोन दिवसांनी दुपारी काचवाला आला तो नवी काच कागदात गुंडाळून. म्हातारीच्या अंगावर चादर ओढून त्याने जुनी पुट्टी छिन्नीने उडवली, तावदान तुकड्यातुकड्याने काढून घेतलं. रिकाम्या चौकटीतून रस्ता एकदम खोलीत घुसला. घंट्या, हाका, कुणाच्या तरी लहानग्याचं रडणं, कुणाचं तरी खळाळून हसणं, कशातलं काय ते वेगळं काढता येईना इतकं. म्हातारीने डोळे मिटून घेतले.

"जरा थांबा," ती हळूच म्हणाली.

काचवाला स्टुलावर बसला. नवी काच मांडीवर घेऊन फडक्याने पुसू लागला.

"अजून नाही झालं?" पडद्यामागून मुलाचा पेंगुळलेला आवाज आला.

"काच मळलीय. पुसतोय," काचवाला म्हणाला. काच लख्ख होती. त्याने ती उलटी केली आणि दुसऱ्या बाजूने पुसायला घेतली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सावकाश.

बऱ्याच वेळाने म्हातारीने डोळे उघडले, पदराने चेहरा पुसला.

"हं," ती म्हणाली. "बसवा आता."