जुन्या कर्जाची फी

देवदत्तच्या ब्रोकरेज कंपनीने पाच कोटी युरोंचं कर्ज घेतलं होतं, आणि ताळेबंदात ते चार कोटी नव्वद लाखच दिसत होतं. मधले दहा लाख गेले कुठे, हे स्वरूपाने त्याला जेवता जेवताच विचारलं.

देवदत्त तिच्या नवऱ्याचा, सुमितचा, कॉलेजपासूनचा मित्र. राहायला जर्मनीतच, कोलोनला. कंपनीचे रोखे इथल्या, ब्राउनश्वाइगमधल्या, मराठी घरांत खपवायला आला की मुक्काम यांच्याकडेच. घरासाठी साठवलेली सगळी रक्कम सोमवारी त्या रोख्यांत घालायची, असं दोघा मित्रांचं जवळजवळ ठरलं होतं.

"वहिनी, लॅबमधली वजनं तपासता तशी आम्हालाही तपासणार का?" देवदत्त हसला. "कर्ज मिळवायचं म्हणजे बँकेची फी आली, वकिलांची आली. ती एकदम खर्चात नाही टाकत. कर्जातून वजा दाखवायची आणि मुदतभर थोडी थोडी खर्चात घ्यायची. हे घर भाड्याने घेताना तुम्ही माक्लरला दलाली दिलीत ना? ती काय पहिल्याच महिन्याची? जितकी वर्षं राहाल, तितक्यांवर वाटायची."

"गेनाऊ, अगदी बरोबर," सुमित म्हणाला. "झालं समाधान?"

उत्तर बरोबर होतं, हे स्वरूपाला कळत होतं. संशय मात्र जाईना. इतकं गोड उत्तर आलं की तिला पुन्हा मोजून पाहावंसं वाटे, ही वजनमापांच्या लॅबमधल्या नोकरीची सवय.

रविवारी सकाळी दोघे मित्र बेकरीतून ब्रोटशेन, न्याहारीचे छोटे पाव, आणायला बाहेर पडले, तेव्हा तिने कंपनीचा वार्षिक अहवाल लॅपटॉपवर पुन्हा उघडला. शेवटच्या टिपांमध्ये एक ओळ होती: जुन्या बँकेचं कर्ज गेल्या वसंतात पूर्ण फेडलं, नवं दुसऱ्या बँकेकडून घेतलं. मग जुन्या कर्जाची उरलेली फी? ती त्या वर्षाच्या खर्चात नव्हती. ती नव्या बँकेच्या फीमध्ये मिळवून पुढच्या सात वर्षांवर पसरली होती. आणि कंपनीचा वर्षाचा नफा त्या उरलेल्या फीपेक्षा कमी होता.

ब्रोटशेन गरम होते. तिने लोणी पुढे सरकवलं.

"भावजी, ते माक्लरचं पुन्हा सांगा ना. मुदतीआधीच घर सोडलं तर?"

"तर उरलेली दलाली त्याच वर्षी खर्च धरायची. गेली ती."

"नव्या घराच्या दलालीत मिळवायची नाही?"

"छे. जुन्या घरात राहतच नाही, तर..." देवदत्तचा हात लोण्यावरच थांबला.

स्वरूपाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तिने त्या टिपेवर बोट ठेवलं.

"आल्झो, हे बघा, यावर ऑडिटरची सही आहे," तो म्हणाला. "नुसती बँक बदलली, वहिनी. कर्जाची गरज तीच होती, म्हणून फी पुढे नेली."

सुमितने लॅपटॉप स्वतःकडे ओढून ती टीप दोनदा वाचली. "देव्या, फी त्या वर्षात धरली असती तर?"

"थोडा तोटा दिसला असता. नुसता कागदावर."

"आणि आम्ही कशावर विसंबून पैसे देणार होतो? कागदावरच ना?"

देवदत्तने ब्रोटशेन ताटलीत ठेवला. "बरं, तुमचे राहू देत. जबरदस्ती नाही. फक्त संध्याकाळी मी तुमच्या त्या मित्राकडे, श्रीधरकडे, रोखे विकायला जातोय. त्याच्या डोक्यात हे भरवू नका."

स्वरूपा श्रीधरला फोन करायला उठली. सुमितने तिला हाताने बसवलं.

"थांब," तो म्हणाला. "श्रीधरला मी सांगतो."