मानाची वाटणी

"अगं बाई, अख्खी मेंढी एकट्या म्हाताऱ्यालाच!" सोनुनबुबू एजे पडद्याकडे बघत ओरडल्या.

नारिन या आमच्या डोंगराळ गावच्या वाचनालयात मी नवशिक्यांना प्रोग्रामिंग शिकवतो. वर्गात कॉलेजची सात पोरं आणि शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या या एजे; वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात. त्या दिवशी स्विच शिकवत होतो. जी केस जुळेल, तिच्याखालचं काम करायचं. पोरांनी आठवड्याचे वार घेतले. एजेंनी घेतली आमच्या जेवणावळीतली मेंढीची वाटणी: वडीलधाऱ्याला डोकं, जावयाला छातीचा तुकडा, आणि अशी बारा नाती.

"एजे, दर केसनंतर ब्रेक लिहा. नाहीतर तो खालचंही सगळं वाढत सुटतो."

"म्हणजे आमच्या धाकट्या दिरासारखा. बस म्हटल्याशिवाय थांबायचा नाही मेला!"

पोरं खदखदून हसली. मग एजे हळूच मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे, मॉस्कोत. मला न्यायला जमणार नाही म्हणाला मुलगा. त्याला वाटणीतलं काही कळत नाही रे. मान चुकला तर सोयरे जन्मभर धरून बसतील. मी नाही, तर निदान हे तरी जाऊ दे तिथं."

तीन आठवडे खपून त्यांनी प्रोग्राम चालता केला. लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मुलाला पाठवला. उत्तर वर्गातच आलं. एजेंना चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवलं. 'आई, हॉटेल ठरवलंय. सगळ्यांना सारखं ताट. तू उगाच दगदग करू नकोस.'

"बरं झालं. भांडणच मिटलं," एजे म्हणाल्या आणि कितीतरी वेळ बंद फोन पुसत बसल्या.

शनिवारी त्या उकडलेल्या मटणाचं पातेलं घेऊन वर्गात आल्या. वयाप्रमाणे आम्हाला बसवलं, पडद्यावर बघत एकेकाला वाढलं. मला जावयाचा मान मिळाला. "लग्न कर आता," म्हणाल्या.

शेवटी पातेल्यात माकडहाड उरलं. ते बसलेल्यांतल्या सर्वांत वडील बाईचं. पण ते आपल्या हातानं घ्यायचं नसतं. कुणीतरी उठून, दोन्ही हातांनी पुढे करायचं असतं.

एजे हात पुसून जरा वेळ बसून राहिल्या. मग ते हाड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवलं. "खा रे, गार होतंय," म्हणाल्या.

ही रीत मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण तेव्हा मी छातीचा तुकडा चघळत पोरांना सांगत होतो, की एजेंच्या प्रोग्राममध्ये एकही चूक नाही.