नवमीला रजा घेणारी कात्री

मला जुनी म्हणा, खुशाल म्हणा. माझी मूठ फुलाबाईंच्या हातात झिजली आहे. पण शेजारच्या सुलाबाई जेव्हा म्हणतात, "परदेशात शिकून पोरीनं शेवटी कात्रीच धरली ना!" तेव्हा माझं पातं शिवशिवतं. मित्रांनो, मी मखमलाबादच्या गुलाबांवर चाललेली छाटणीची कात्री आहे, आणि आज मी ऐकून घेणार नाही.

फुलाबाईंची लेक हर्षाली उद्यानविद्या शिकायला हॉलंडला निघाली, तेव्हा आईने मला तिच्या बॅगेत चिवड्याच्या डब्याखाली ठेवलं. तिथल्या विद्यापीठात अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काचघरात काम. मला औषधात बुडवूनच आत घेतलं. नियम कडक होता: प्रत्येक ओळीची कात्री वेगळी, कारण रोग पात्यावर बसून फिरतो. मी टोमॅटोच्या तिसऱ्या ओळीची झाले.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा होते आणि त्यांना सुट्टी असते. हर्षालीने मला कुंकू लावून खिडकीत बसवलं आणि काम शेजारच्या ओळीच्या कात्रीने उरकलं. बारा दिवसांत तिसरी ओळ पिवळी पडली. तिच्या प्राध्यापकबाईंनी आवाज चढवला नाही. काय झालं ते स्वतःच्या नावाने लिही आणि सगळ्यांसमोर वाच, एवढंच सांगितलं. पोरीने शब्द न् शब्द वाचला. पदवीच्या कागदावर याचा उल्लेख नाही, पण मी साक्षीदार आहे.

यंदा ती दिंडोरीजवळ एका रोपवाटिकेत लागली. नोकरी पक्की व्हायला आठ दिवस उरले आणि पुन्हा खंडेनवमी! सगळ्या कात्र्या पूजेला बसल्या. त्या दिवसापुरत्या जादा कात्र्या काढून द्यायला हर्षाली विसरली. कामगारांनी कुठूनशी सापडलेल्या एकाच जुन्या कात्रीने सगळ्या ट्रेंमधल्या रोपांचे शेंडे छाटले, अगदी कोपऱ्यातल्या रोगट ट्रेमधल्यांचेसुद्धा. दुसऱ्या दिवशी कळवणचे शेतकरी नाथाभाऊ सांगून ठेवलेली रोपं न्यायला टेम्पो घेऊन आले, तेव्हा तिला हे समजलं.

"ही रोपं देता येणार नाहीत. चूक माझी आहे," ती म्हणाली.

मालक संतोषशेठनी तिला बाजूला घेतलं. "अगं, कुणाला कळतंय? नोकरी पक्की करायची का नाही?"

"मला कळतंय ना! नाथाभाऊ, बारा दिवस थांबा. रोपं बिघडली तर नवी करून देते."

"लय राग आलाय पोरी तुझा," नाथाभाऊ म्हणाले आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले.

बाराव्या दिवशी निम्मे ट्रे पिवळे पडले. हर्षालीच्या नोकरीचं पत्र अजून आलेलं नाही. नाथाभाऊंचा फोन मात्र आला: "रोपं उशिरा दे, पण तुझ्याच हातची दे."

मित्रांनो, कात्री वापरली की धुऊन, पुसून ठेवा. नवमीला आम्हाला पाटावर जरूर बसवा, पण कामाची सोय आधी करा. आणि सुलाबाईंनी पुन्हा विचारलंच, तर बेधडक सांगा: पोरगी नुसती कात्री धरायला नाही, चूक स्वतःच्या नावाने सांगायला शिकून आली आहे.